पाण्याखालील मासेमारी दिवा

पाण्याखालील मासेमारी दिवा हे रात्रीच्या वेळी माशांना एका ठिकाणी गोळा करण्यासाठी पाण्यात बुडवून वापरले जाणारे प्रकाशसाधन आहे. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडील जलाशयांवर आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील धक्क्यांवर, गळाने मासे धरणारे अनेक हौशी लोक असे दिवे घरीच तयार करतात. याच तत्त्वावर जनित्राच्या साहाय्याने मोठ्या नौकांवरून केल्या जाणाऱ्या मासेमारीवर भारतात बंदी आहे.

पूर्वपीठिका

प्रकाशाने मासे आकर्षित करण्याची पद्धत जुनी आहे. जपानमधील नागारा नदीवर पाणकावळ्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीत नावेच्या पुढच्या टोकाला लोखंडी टोपलीत लाकडे पेटवली जातात. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात लहान मासे पकडण्यासाठी रॉकेलच्या गॅसबत्त्या वापरल्या गेल्या. अमेरिकी हौशी मासेमारांनीही प्रथम गॅसबत्त्या आणि नंतर तरंगत्या कड्यात बसवलेले मोटारीचे दिवे वापरले. प्रकाश उत्सर्जक डायोड (एलईडी) स्वस्त झाल्यावर कमी विजेवर चालणारा, पूर्णपणे बुडणारा दिवा घरी बनवणे शक्य झाले.

कार्यतत्त्व

मोठे मासे दिव्याकडे येतात ते बहुधा अन्नासाठी. पाण्यातील सूक्ष्म प्राणिप्लवकांपैकी अनेक जीव प्रकाशाच्या दिशेने सरकतात. या प्रवृत्तीस प्रकाशानुचलन म्हणतात. प्लवकांमागोमाग त्यांच्यावर जगणारे लहान मासे येतात आणि त्यांना खाणारे मोठे मासे उजेडाच्या कडेला, अंधुक भागात वावरतात. त्यामुळे दिवा लावताच मासे मिळत नाहीत. ही अन्नसाखळी जमण्यास वेळ लागतो. अंधाऱ्या रात्री दिव्याचा प्रभाव अधिक जाणवतो, तर पौर्णिमेच्या सुमारास चांदण्यामुळे तो घटतो.

पाण्याबाहेरील दिव्याचा तिरपा प्रकाश बऱ्याच प्रमाणात पृष्ठभागावरून परावर्तित होतो. दिवा बुडवल्यास ही हानी टळते. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. स्वच्छ समुद्रात निळा, तर गढूळ किंवा शेवाळयुक्त पाण्यात हिरवा प्रकाश अधिक दूर जातो. म्हणून जलाशयांसाठी बहुधा हिरवे दिवे निवडले जातात.

घरगुती रचना

सर्वसाधारण रचनेत १२ व्होल्टची एलईडी पट्टी सुमारे २० मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या नळीवर सर्पिलाकार गुंडाळतात. ही नळी पारदर्शक ॲक्रिलिकच्या मोठ्या नळीत ठेवून दोन्ही टोके झाकणांनी बंद करतात. वायर जेथून बाहेर येते तो सांधा सर्वांत नाजूक असतो. तेथे इपॉक्सी भरतात. पाण्याचा दाब दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाने वाढत असल्याने उथळ पाण्यात टिकलेला सांधा खोलवर गळू शकतो. पट्टीवरील 'आयपी ६५' ही खूण केवळ पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण दर्शवते. ती बुडवण्यायोग्य नसते.

मीटरमध्ये ६० मोठे डायोड असलेली पट्टी सामान्यतः १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर वीज घेते. ७ अँपिअर-तासांची बॅटरी गणिताने असा एक मीटर सुमारे पावणेसहा तास चालवते. परंतु शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून निम्माच काळ धरणे योग्य ठरते.

हवा भरलेली नळी तरंगते, म्हणून तिला वजन जोडावे लागते. ४ सेंटिमीटर बाह्य व्यासाची व ५० सेंटिमीटर लांबीची नळी सुमारे ६२८ घन सेंटिमीटर पाणी बाजूस सारते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ती बुडण्यासाठी दिवा व जोडलेले वजन मिळून गोड्या पाण्यात ६२८ ग्रॅमपेक्षा अधिक भार हवा. समुद्राच्या पाण्यात हा आकडा सुमारे ६४५ ग्रॅम होतो. वजन शिशाचे असल्यास तेही बुडल्यावर सुमारे ९ टक्के हलके होते, हे लक्षात घ्यावे लागते. दिवा वायरीने नव्हे, तर स्वतंत्र दोरीने सोडतात. अन्यथा ताण सांध्यावर येतो.

सुरक्षितता

घरगुती वीजपुरवठ्यावर थेट चालणारा दिवा पाण्यात सोडणे जीवघेणे ठरू शकते. गळतीचा प्रवाह पाण्यातील माणसाचे स्नायू आखडवतो व त्यामुळे बुडून मृत्यू होऊ शकतो. १२ व्होल्टच्या मांडणीतही बॅटरीच्या धन अग्राजवळ फ्यूज आवश्यक असतो, कारण वायर एकमेकांस चिकटल्यास आग लागू शकते. बंद नळीतील उष्णता पाणी शोषून घेते, म्हणून दिवा पाण्याबाहेर फार वेळ पेटता ठेवत नाहीत. काही रचनांत नळीत तेल भरतात. नळी फुटल्यास ते पाण्यात मिसळते.

भारतातील स्थिती

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर 'एलईडी मासेमारी' ही संज्ञा प्रामुख्याने जनित्रावर चालणाऱ्या प्रखर दिव्यांनी मासे जमवून पर्ससीनसारख्या जाळ्यांनी ते एकदम उचलण्याच्या पद्धतीस उद्देशून वापरतात. उजेडाकडे येणाऱ्या माशांत वाढ न झालेली पिल्लेही असतात. गळाला एका वेळी एखादा मासा लागतो. वेढा घालणारे जाळे मात्र जमलेला सगळा थवा उचलते. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या व लहान होड्यांतून मासेमारी करणाऱ्या सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील पारंपरिक मच्छीमारांचा या पद्धतीस विरोध राहिला आहे. थवे समुद्रातच उचलले गेले तर किनाऱ्याजवळ मासळी येत नाही, अशी त्यांची तक्रार असते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्रात तीस सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू असून २०२१ मधील सुधारणेने त्यातील दंडाच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. त्यामुळे अमेरिकेतील हौशी मासेमारांचे घरगुती दिव्याचे वर्णन भारतीय सागरकिनाऱ्यावर जसेच्या तसे लागू करता येत नाही.