एवढ्याशा गोष्टीची सतरा वर्षं

१८ जुलै १९८८. चंदीगडमध्ये एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याच्या घरी रात्रीची मेजवानी होती. पाहुण्यांमध्ये पंजाब केडरच्या आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज होत्या आणि पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिलही होते. बायका जिथे बसल्या होत्या तिथे गिल आले. त्यांनी रूपन यांना शेजारी येऊन बसायला सांगितलं आणि त्या बसत असताना खुर्ची आपल्याकडे ओढली, तेव्हा त्या उठून पुन्हा आपल्या जागेवर गेल्या. थोड्या वेळाने गिल त्यांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले, बोटाने खुणावत आपल्यासोबत चलायला सांगू लागले, वाट अडवली आणि त्या कशाबशा निघाल्या तेव्हा चारचौघांदेखत त्यांच्या पार्श्वभागावर चापट मारली.

रूपन यांनी आधी वरिष्ठांकडे दाद मागितली. त्यांना जे ऐकायला मिळालं ते आपल्याकडच्या प्रत्येक बाईने कधी ना कधी ऐकलेलं असतं: जाऊ दे, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला?

बायकांच्या रोजच्या अपमानाबद्दल जेवढे गैरसमज आहेत, त्यांचं मूळ मला या ‘एवढ्याशा’ शब्दात दिसतं. म्हणून हा खटला नीट पाहायला हवा.

घटनेनंतर ११ दिवसांनी, २९ जुलैला एफआयआर झाला. पोलिसांकडून काही हालचाल दिसेना, म्हणून नोव्हेंबरमध्ये रूपन यांचे पती बी. आर. बजाज यांनी थेट न्यायालयात फिर्याद दिली. मे १९८९ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने एफआयआर आणि फिर्याद दोन्ही रद्द केली. त्यासाठी आधार घेतला भारतीय दंड संहितेच्या कलम ९५ चा. सामान्य समजेचा माणूस ज्याची तक्रारही करणार नाही इतकी किरकोळ इजा असेल, तर तो गुन्हा नाही, असं हे कलम सांगत होतं. गर्दीत कुणाचा चुकून पाय पडला तर खटला उभा राहू नये, अशा गोष्टींसाठी ते होतं. ते एका अधिकारी स्त्रीला भर मेजवानीत मारलेल्या चापटीला लावलं गेलं.

१२ ऑक्टोबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला आणि कलम ९५ इथे लागूच होत नाही असं स्पष्ट केलं. शरीराला किती लागलं हे इथलं मोजमाप नव्हे. त्या कृतीने स्त्रीच्या सभ्यतेच्या जाणिवेला धक्का बसू शकतो का, हे पाहायचं, असं न्यायालय म्हणालं. ‘लागलं कुठे?’ या प्रश्नाला कायद्याने दिलेलं हे उत्तर आहे. तरीही तोच प्रश्न आज पोलीस ठाण्यातही विचारला जातो आणि घरातही.

६ जानेवारी १९९६ रोजी चंदीगडच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी गिल यांना विनयभंगासंबंधीच्या कलम ३५४ आणि ५०९ खाली दोषी ठरवलं आणि कैदेची शिक्षा दिली. अपिलात दोष कायम राहिला, मात्र कैदेऐवजी प्रोबेशन आणि वाढीव दंड झाला. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीवर शिक्कामोर्तब केलं. भरपाईचे पैसे घ्यायला रूपन यांनी नकार दिला होता. ते स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना द्यावेत, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे पैशासाठी तक्रार केली हा आरोपही इथे टिकत नाही.

‘तक्रार उशिरा आली म्हणजे ती रचलेली असणार’ असं म्हणणाऱ्यांनी या ११ दिवसांत काय झालं ते पाहावं. जिच्या हाताखाली माणसं काम करतात, जिला नियम तोंडपाठ आहेत, ती बाईसुद्धा आधी समजुतीने मार्ग निघतो का ते पाहते. कारण एफआयआर केला की पुढे आपलं काय होईल, हे तिला ठाऊक असतं. कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ११ दिवस लागले किंवा ११ महिने लागले, तर नवल कसलं?

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो. तेव्हा पंजाबात दहशतवाद शिगेला पोचला होता. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, सुवर्ण मंदिर परिसरातून अतिरेक्यांना बाहेर काढणारं ऑपरेशन ब्लॅक थंडर झालं होतं आणि गिल देशाचे नायक ठरले होते. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं मोठं काम करणाऱ्या माणसाला अशा गोष्टीवरून कोर्टात खेचायचं? हा प्रश्न तेव्हा मनापासून विचारला गेला, आणि आजही वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो. संस्था मोठी आहे, साहेब कर्तबगार आहेत, आंदोलन महत्त्वाचं आहे, तू जरा सांभाळून घे. कर्तबगारी खरी असू शकते. पण तिची किंमत दर वेळी शेजारी बसलेल्या बाईनेच का चुकवायची, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

‘आता कायदे सगळे बायकांच्याच बाजूने आहेत’ असंही ऐकू येतं. १९८८ मध्ये रूपन यांच्या हाताशी जुनी दोन कलमं होती. कामाच्या ठिकाणच्या छळाबाबत विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ मध्ये आली आणि स्वतंत्र कायदा २०१३ मध्ये. पाठलाग हा वेगळा गुन्हाही २०१३ मध्येच झाला. आता भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली येतो आणि पहिल्या वेळी आजही जामीनपात्र आहे. कामाच्या ठिकाणाचा कायदा, ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात, दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी असं सांगतो. तिची अध्यक्ष स्त्री असते, निदान निम्मे सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य संस्थेबाहेरची व्यक्ती असते. जिथे अशी समिती नाही, तिथल्या स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकाम करणारी बाईही तिच्याकडे जाऊ शकते, आणि हे बहुतेक मालकिणींना माहीतच नसतं. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. खोट्या तक्रारींची भीती घालणाऱ्यांनी याच कायद्याचं कलम १४ वाचावं. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद तिथे आहे. पण तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असंही तिथेच लिहिलेलं आहे.

‘हे खेड्यापाड्यात चालतं, शिकलेल्या शहरात नाही.’ चंदीगडपेक्षा आखीवरेखीव शहर आपल्या देशात शोधावंच लागेल. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता ८६ टक्के होती. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे बायका ८१८ होत्या. यात बाहेरगावाहून एकट्याने कामाला आलेल्या पुरुषांचा वाटा आहे, हे मान्य करायला हवं. पण सहा वर्षांखालची मुलं एकटी स्थलांतर करत नाहीत, आणि त्यांच्यातही हजार मुलग्यांमागे मुली ८८० होत्या, देशाच्या सरासरीहून कमी. शहर कुणी घडवलं असं विचारलं तर सगळे ल कॉर्बुझिएचं नाव घेतात. त्याच कामावर तीन वर्षं घरं आणि शाळा आखणाऱ्या जेन ड्रू, आणि पुढे चंदीगडच्या मुख्य वास्तुरचनाकार झालेल्या उर्मिला युली चौधरी यांची नावं किती जणांना आठवतात?

याच शहरात ‘गेडी’ हा शब्द आहे. गेडी मारणं म्हणजे गाडीतून चकरा मारणं. सेक्टर १० आणि ११ च्या आसपासच्या रस्त्यांना गेडी रूटच म्हणतात, आणि तिथे मुलींचं कॉलेज आहे. पोरांची मजा, असं त्याकडे पाहिलं जातं. आपल्या ‘छेडछाड’ या शब्दातही असाच खेळकरपणा आहे, आणि जिच्यामागे गाडी हळू होते तिच्या पोटात काय होतं ते या दोन्ही शब्दांत कुठेच येत नाही.

इथेच, ऑगस्ट २०१७ मध्ये, मध्यरात्रीनंतर एक तरुणी आपल्या गाडीने पंचकुल्याच्या दिशेने घरी निघाली होती. दोन तरुणांनी गाडीने तिचा पाठलाग केला, तिची वाट अडवायचा प्रयत्न केला, अशी तिची तक्रार होती. त्यातला एक राजकीय नेत्याचा मुलगा होता. तिने गाडी थांबवली नाही, १०० नंबर फिरवला, आणि पोलिसांनी दोघांना पकडलं. जामीनपात्र कलमांमुळे ते लगेच सुटले. देशभर संताप उसळला तेव्हा पळवून नेण्याच्या प्रयत्नाचं कलम लागलं आणि पुन्हा अटक झाली. दरम्यान हरियाणातल्या सत्ताधारी पक्षाच्या प्रदेश उपाध्यक्षांनी विचारलं की मुलगी रात्री बारा वाजता बाहेर कशाला गेली?

‘सातच्या आत घरात’ ही आपल्याकडचीही जुनी समजूत आहे, आणि ती मायेपोटी सांगितली जाते हेही मला कळतं. पण नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नवाहून अधिक वेळा आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते. त्यात नातलग, शेजारी, लग्नाचं वचन दिलेला असे सगळे येतात. सातच्या आत घरी आलेल्या मुलीला घड्याळ यापासून कसं वाचवणार? त्या ऑगस्टमध्ये बायकांनी घड्याळाला उत्तर दिलं. रात्री बारानंतरचे स्वतःचे फोटो त्यांनी लोकांसमोर ठेवले, आणि १२ तारखेच्या रात्री ‘मेरी रात मेरी सडक’ या हाकेवर अनेक शहरांत त्या रस्त्यावर उतरल्या.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात कनुप्रिया ही विद्यार्थी परिषदेची पहिली स्त्री अध्यक्ष निवडून आली. मुलींच्या वसतिगृहांना वेळेचं बंधन होतं, उशीर झाला की जाब द्यावा लागे. वाचनालयात बसायचं असो की प्रयोगशाळेत, लक्ष दाराकडे. ‘मुलींनाच हे नको असतं, चार-दोन जणींचं खूळ आहे’ असं तेव्हाही म्हटलं गेलं. त्या चार-दोन जणी थंडीत ४८ दिवस धरणं धरून बसल्या आणि त्यांची संख्या वाढत गेली. डिसेंबरमध्ये विद्यापीठाने मुलींच्या वसतिगृहांची दारं चोवीस तास खुली केली. मुलांच्या वसतिगृहांना अशी परवानगी कधी मागावीच लागली नव्हती.