गळिताची तयारी पावसाळ्यातच

गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ आपण सारेच पाहतो. पण साखर कारखाना हंगामभर न अडखळता चालेल की नाही, हे त्याआधीच्या पावसाळ्यात ठरलेले असते.

ऊस तोडला की त्याचे वजन घटू लागते, साखरही कमी होते. म्हणून तो शक्यतो २४ तासांत गाळावा. मिलचे एक बेअरिंग जळाले की गाड्या रांगेत उभ्या. काट्यावर वजन कमी भरते, उतारा घसरतो, आणि उताऱ्यावर तर उसाचा दर ठरतो!

बेअरिंग सहसा एकाएकी जळत नाही. वंगण कमी पडले किंवा त्यात घाण गेली की आधी ते तापते, मग आवाज करते. यंत्रावरच्या कामगाराने दर पाळीला तपासून वहीत नोंद केली, तर बिघाड आधीच कळतो. हंगाम संपताच मिल उघडून झिजलेल्या लाटा दुरुस्त कराव्यात, बॉयलरच्या नळ्या साफ करून तपासाव्यात, लागणारे सुटे भाग आणून ठेवावेत.

हे काम इंजिनिअरचे खरे. पण १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी कारखाना सुरू केला, तो मालक म्हणूनच. तेव्हा वार्षिक सभेत दराबरोबर हेही विचारा: यंत्रे बिघडून किती तास गाळप थांबले? कशामुळे? गेल्या वर्षीचेच कारण पुन्हा का आले?

आपल्या बैलगाडीच्या आसाला वंगण घालायला आपण विसरत नाही. कारखानाही आपलाच आहे.