दूरच्या दाराची मुदत

नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी सात होता आणि आता चव्वेचाळीस आहे, वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात ज्या ठिकाणी चंद्रपूरचा रस्ता वेगळा काढून देतो, ते ठिकाण म्हणजे जाम. येथील चौरस्त्यावरून अहोरात्र मालमोटारी जातात, एसटीच्या गाड्या घटकाभर थांबून पुढे निघतात, आणि उत्तरेचा माल दक्षिणेला व दक्षिणेचा उत्तरेला नेणारी वाहतूक गावाच्या अंगावरून अखंड वाहत असते. तथापि त्या मालातील एखादी लहानशी पुडी याच गावातील एका नेमक्या घरी पोहोचवायची झाली, तर तिला स्वतंत्र खटपट करावी लागते. पुण्यातील एका संस्थेच्या हिशेबाचे काम मी या गावी घरबसल्या करते. माझे सहकारी नाशिक, कोल्हापूर, इंदूर, बंगळूर, कोइमतूर आणि संगमेश्वर तालुक्यातील एक वाडी अशा दूरदूरच्या मुक्कामी बसलेले आहेत. आम्ही एकमेकांचे आवाज ओळखतो, कामाच्या सवयी ओळखतो. परंतु कोणाच्या घरी वडीलधारे कोण आहे, कोणास कोणते पथ्य आहे, हे ठाऊक असण्याचे कारण कधी पडलेले नसते. अशा मंडळींनी दिवाळीनिमित्त आपसांत भेटवस्तूंची देवघेव करावी अशी सूचना निघाली आणि तिची तजवीज माझ्याकडे सोपवण्यात आली. या कामाचा तपशील सविस्तर नोंदवावा असे मला वाटते. कारण घरबसल्या काम करणाऱ्यांची दप्तरे आता गावोगावी पसरली आहेत आणि हे काम उद्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकते.

देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून भेट देण्याची ही रीत पाश्चात्त्य दप्तरांत नाताळच्या सुमारास पाळली जाते, आणि आपल्याकडील शहरी कचेऱ्यांतही ती आता रुळली आहे. आपल्या परंपरेत तिच्या जवळ जाणारे आचार आहेतच. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून दिली-घेतली जातात, संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींना वाण लुटले जाते. परंतु या सर्व आचारांत घेणारा देणाऱ्याच्या समोर उभा असतो. वाण घेण्यासाठी शेजारीण उंबरठ्यापर्यंत चालत येते, आणि तिच्या चेहऱ्यावरून, नेसण्यावरून, कडेवरच्या मुलावरून तिच्या संसाराची वार्ता आपोआप कळते. दूरस्थ सहकाऱ्याच्या बाबतीत हे ज्ञान आयते मिळत नाही. ते विचारून, लिहून आणि जपून मिळवावे लागते. म्हणून या कामाचा खरा पाया वस्तूंची निवड हा नसून यादी हा आहे.

यादीचा पहिला रकाना पत्त्याचा. शहरातील मनुष्य आपला पत्ता इमारतीच्या नावाने सांगतो, तर गावातील मनुष्य माणसाच्या नावाने सांगतो, आणि दोन्ही पत्ते परक्या हमालाला अपुरे पडतात. आमच्याच जिल्ह्यात वायगाव नावाची दोन गावे आहेत, एक निपाणीचे आणि दुसरे हळद्याचे. तालुका न लिहिता पाठवलेली वस्तू भलत्याच वायगावी जाऊन पडली, तर त्यात टपालवाल्याची कसूर म्हणता येणार नाही. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांमुळे होणारा घोळ मिटवण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड अंमलात आला, आणि तो रचणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतातील कवी होते, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे. त्यातील पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारी कचेरी दाखवतात. चव्वेचाळीस म्हटले की विदर्भ, आणि चारशे बेचाळीस म्हटले की वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली हा आमचा टापू. मी प्रत्येकाकडून मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड, दूरध्वनी आणि दिवसा घरी कोण असते एवढा मजकूर लेखी मागवला, आणि तो ज्याचा त्याला परत वाचून दाखवून रुजवात घेतली.

दुसरा रकाना आवडीचा ठेवावा असे बहुतेक जण सुचवतात. मला मात्र त्याहून नावडीचा रकाना अधिक उपयोगी ठरला. काय आवडते असे विचारले, तर माणसे संकोचाने काहीही चालेल असे लिहितात. काय चालत नाही असे विचारले, तर मात्र स्पष्ट लिहितात. कोणी कांदा-लसूण वर्ज्य असल्याचे कळवले, कोणी घरात मधुमेह असल्याने मिठाई नको म्हटले, कोणी उदबत्तीच्या वासाने दमा उठतो असे लिहिले, तर एका सहकाऱ्याने घरी यंदा सुतक असल्यामुळे फराळाचे जिन्नस नकोत, पुस्तक चालेल, असे दोन ओळींत कळवले. त्या दोन ओळींनी तोवर केवळ आकडे मागणाऱ्या आणि आकडे देणाऱ्या माणसाचे घर आम्हाला प्रथमच दिसले.

यानंतर कोणी कोणाला द्यायचे हे ठरवणे. नावांच्या चिठ्ठ्या करून डब्यात घालाव्यात आणि एकेकाने उचलाव्यात, ही पद्धत सोपी भासते. परंतु तीत कोणाच्या ना कोणाच्या हाती स्वतःचेच नाव येण्याचा संभव फार मोठा असतो. फ्रेंच गणिती माँमोर याने १७०८ साली हा प्रश्न पत्त्यांच्या खेळाच्या निमित्ताने मांडला होता, आणि त्याचे उत्तर असे की मंडळी दहा असोत वा शंभर, कोणालाही स्वतःचे नाव न येण्याचा संभव शेकडा सुमारे सदतीस एवढाच राहतो. म्हणून सर्व नावे पिसून एका वर्तुळात लिहावीत आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्यास द्यावे, हा उपाय उत्तम. त्यात स्वतःचे नाव येत नाही, दोघांची परस्परांत अदलाबदल होत नाही, आणि एखादा सहकारी आजारपणामुळे मधूनच गळाला, तर त्याच्या मागच्याने त्याच्या पुढच्यास द्यावे, एवढ्या फेरफाराने साखळी पुन्हा सांधते. वर्तुळ लिहिणाऱ्यास मात्र सर्व गुपित कळते. यास्तव हे काम देवघेवीत सहभागी नसलेल्या इसमाकडून करवावे. आमच्याकडे ते संस्थेच्या एका निवृत्त लेखापालांनी आनंदाने केले.

किमतीची मर्यादा पाचशे रुपये ठरली. तीत टपालहशील धरावे की नाही, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न मला न्यायाचा वाटतो. हशील वजनावर आणि अंतरावर बसते. तेव्हा ते मर्यादेत धरले, तर ज्याच्या वाट्याला दूरचा सहकारी आला त्याला वस्तू हलकी निवडावी लागते, आणि दूर राहणाऱ्याला दूर राहण्याबद्दल जणू दंड बसतो. म्हणून हशिलाची सामाईक वर्गणी काढावी आणि पावतीप्रमाणे ज्याची त्याला भरपाई द्यावी, असे ठरले. शिवाय स्वहस्ते केलेल्या वस्तूला किंमत विचारायची नाही, हेही कलम घातले.

मुदतीचा विचार करताना मला आपल्या पंचांगाचा मोठा आधार झाला. पितृपक्षात लोक नवी खरेदी टाळतात, पण याद्या करायला हरकत नसते. म्हणून पत्ते त्या पंधरवड्यात जमवले. घटस्थापनेला नावे कळवली, दसऱ्यापर्यंत निवड, कोजागरीपर्यंत रवानगी, आणि वसुबारसेच्या संध्याकाळी सर्वांनी एकत्र उघडणे. कोजागरी ते वसुबारस हे दिवस मुद्दाम राखून ठेवलेले होते. पुण्यातील काही मंडळींना एवढी सवड अनावश्यक वाटली, कारण त्यांच्या दारी मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी हजर होते. परंतु अंतर मैलांवर मोजता येत नाही. कोइमतूर जामपासून कितीतरी लांब असून तेथे पार्सल लवकर पोहोचते, आणि संगमेश्वरची वाडी पुण्याला जवळ असून तेथे ते शेवटच्या टप्प्यात रेंगाळते. जामलाही काही खासगी कुरियरवाले घरापर्यंत न येता चौरस्त्यावर येऊन वस्तू घेऊन जाण्यास फोनवरून कळवतात. अशा पत्त्यांसाठी टपाल खात्याचाच भरवसा. देशातील दीड लाखांहून अधिक टपाल कचेऱ्यांपैकी बहुसंख्य खेड्यांतच आहेत, आणि १९८६ साली सुरू झालेले स्पीड पोस्ट त्यांच्या वाटेने आत शिरते.

माझ्या वाट्याला कोइमतूरच्या सहकारी बाई आल्या. मी त्यांच्यासाठी वायगावची हळद निवडली. वायगाव हळद्या आमच्याच समुद्रपूर तालुक्यात. तेथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि कुरकुमिनाच्या प्रमाणाबद्दल तिची ख्याती आहे. हळदीची पूड कितीही घट्ट बांधली तरी सूक्ष्म फटीतून निसटते आणि सोबतचे सर्व पिवळे करते. म्हणून आधी जाड पिशवीचे तोंड दुमडून चिकटपट्टीने बंद केले, ती दुसऱ्या पिशवीत उलटी घातली, आणि वरून वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेल्या खादीच्या रुमालात गुंडाळली. वर्ध्याच्या गोरस भांडारातला गोरसपाकही घालावा असे मनात होते. पण गायीच्या तुपातली ती बिस्किटे बोटाच्या दाबानेही भुगा होतात, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात त्यांना मधली जागा दिली आणि चारी बाजूंच्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे असे ठासले की खोका कानाशी हलवला तरी आतून आवाज येऊ नये. पत्ता खोक्यावर एकदा आणि आत कागदावर एकदा लिहिला. वरचा कागद भिजला वा निघाला, तर आतला उपयोगी पडतो.

वसुबारसेला पडद्यावर सर्व मंडळी जमली. एकाने आपले पार्सल उघडायचे, देणारा ओळखायचा, आणि मग त्या देणाऱ्याने आपले उघडायचे, अशा क्रमाने वर्तुळ उलट दिशेने उलगडत गेले; त्यामुळे कोणी मागे राहिला नाही आणि कोणाची पाळी दोनदा आली नाही. वाडीतल्या सहकाऱ्याला दिवाळी अंकांचा एक गठ्ठा आला होता, आणि १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, ही माहिती त्यानेच सर्वांना दिली. तो इतका वाचणारा आहे, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. कोइमतूरच्या बाईंनी माझी हळद आणि त्यांच्या शेजारच्या इरोडची हळद दोन पांढऱ्या बशांत शेजारी-शेजारी मांडून दाखवली, आणि स्वयंपाकातील वायगावच्या हळदीच्या वापराबद्दल एवढे प्रश्न विचारले की ठरलेली वेळ टळून गेली तरी कोणी उठले नाही.

या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की दूरस्थ सहकाऱ्यांतील स्नेह हा मोठ्या वस्तूंनी वाढत नाही. बिनचूक पत्ता, आठवणीत ठेवलेले पथ्य आणि प्रामाणिकपणे पाळलेली मुदत यांनी तो वाढतो. बंदोबस्त हा आपुलकीचाच एक प्रकार आहे. ज्या वाचकाकडे आपल्या दप्तरातील हे काम येईल, त्याला माझी एवढीच विनंती आहे, की त्याने यादी हाती आल्यावर ज्या दारी टपाल सर्वांत उशिरा पोहोचते ते दार प्रथम शोधून काढावे, आणि सर्वांची मुदत त्या दारावरून ठरवावी.