मैदानावरून परतणारी चाल
(वाढतं अंग : लेखांक ६)

हात वर धरून, पाय फाकवून, अख्खा तळवा आपटत चालणारं मूल मागच्या लेखांकात आपण पाहिलं. दीड-दोन वर्षांचं होता होता ते टाच आधी टेकायला शिकतं. अमेरिकेतल्या डेव्हिड सदरलँड यांनी १९८० साली एक ते सात वर्षांच्या मुलांच्या चालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्यांच्या चालीच्या बहुतेक खुणा तिसऱ्या वर्षापर्यंतच उमटतात, असं त्यात दिसलं. सातव्या वर्षापर्यंत ती बऱ्यापैकी पक्की होते.

मग आठव्या वर्षी क्लबात घातलेल्या मुलाच्या चालीत खेळ काय बदलणार? चाल बसली तरी हाडं अजून घडत असतात. हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्या एका बाजूवर सतत जास्त दाब आला की त्या बाजूची वाढ मंदावते. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००९ साली ८ ते १८ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलांची न खेळणाऱ्यांशी तुलना केली. सोळाव्या वर्षापासून पुढे खेळाडूंचे गुडघे जास्त बाहेर झुकलेले आढळले. फुटबॉलपटूंच्या फेंगड्या चालीमागे हे एक कारण असू शकतं. म्हणून वाढीच्या वयात वर्षभर एकच खेळ खेळवणं मला पटत नाही.

आपल्या लंगडीचं आणि खोखोचं मोल इथे कळतं. चालताना प्रत्येक पावलागणिक क्षणभर सगळं वजन एकाच पायावर असतं आणि कंबर कलू न देण्याचं काम खुब्याच्या बाजूचे स्नायू करतात. लंगडीत तेच स्नायू राबतात, खोखोत वळणं घेताना घोटा आणि तोल तयार होतो.

पालकांच्या नजरेतून सहसा निसटते ती टाच. सरावाहून आलेलं मूल बूट काढून घरात चवड्यांवर चालू लागतं. 'नीट चाल' म्हणून आपण रागावतो. पण ते टाच टेकत नाही, कारण ती दुखते. साधारण आठ ते चौदा या वयात हाडं भराभर वाढतात, पोटरीचे स्नायू त्या मानाने मागे राहतात, आणि धावताना-उड्या मारताना ते टाचेच्या ग्रोथ प्लेटला ओढत राहतात. टणक मैदान आणि पातळ तळाचे स्टड यांनी त्रास वाढतो. टाच दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून पाहा. मूल कळवळलं तर बहुधा हेच आहे. याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. नाव भीतिदायक असलं तरी धावणं काही आठवडे कमी केलं, पोटऱ्यांना ताण देण्याचे व्यायाम केले, टाचेखाली मऊ गादी घातली की दुखणं उतरतं. ग्रोथ प्लेट भरून आली की कायमचं जातं. त्यासाठी खेळ सोडवू नका.

एका लंगडण्याकडे मात्र थांबून पाहत राहू नका. दहा ते पंधरा वर्षांचं मूल, विशेषतः वजन जास्त असलेलं, पाऊल बाहेर वळवून लंगडत असेल आणि 'गुडघा दुखतो' म्हणत असेल, तर दोष खुब्यात असू शकतो. तिथल्या ग्रोथ प्लेटपाशी हाड सरकतं आणि दुखणं मांडीत किंवा गुडघ्यात जाणवतं. फक्त गुडघ्याचा एक्स-रे काढला तर ते सापडत नाही. अशा मुलाला चालवू नका. उचलून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि खुबाही तपासायला सांगा.