रुग्णवाहिकेतली दुसरी बॅटरी

कोपरी पुलावरच्या कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका ठाणेकरांना नवीन नाही. सायरन ऐकला की वाट द्यायची, हे बहुतेकांना कळते. पण आत रुग्णासाठी काय काय चालू असते? व्हेंटिलेटर, मॉनिटर, औषध मोजून सोडणारा सिरिंज पंप, घशातला स्राव ओढणारे सक्शन यंत्र. या साऱ्यांना वीज लागते आणि ती गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीतून येते.

पहिली बॅटरी इंजिन सुरू करते. तिला क्षणभर मोठा प्रवाह द्यायचा असतो. दुसरीला तासन्‌तास थोडी थोडी वीज पुरवायची असते. शंभर अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. शिसे-आम्ल बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरावी. यंत्रांचा भार १५० वॉट धरला तर कागदावर चार तास मिळतात. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर त्याहून कमी. तेही बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर!

खरी अडचण इथेच आहे. ही बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात. इंजिनवरचा अल्टरनेटर तेवढे देतो, पण वाटेतली वायर त्यातले थोडे खाते. इंजिनपासून मागची बॅटरी पाच मीटरवर असेल, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, आणि तांब्याची वायर सहा चौरस मिलिमीटरची असेल, तर ३० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीपर्यंत पोहोचतात साडेतेरा. त्यात गाडी कोंडीत उभी राहिली की अल्टरनेटर मंद फिरतो. काही नव्या गाड्यांत तर इंधन वाचवण्यासाठी तो मुद्दाम कमी व्होल्टवर चालवला जातो.

अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी हळूहळू निकामी होते. तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर साचतात आणि क्षमता घटते. मग नवी बॅटरी आणली जाते आणि तिचीही तीच गत होते. मूळ आजार तपासायचा नाही, फक्त तापाची गोळी द्यायची, असा हा प्रकार.

उपाय तीन. वायर जाड घ्यावी (२५ चौरस मिलिमीटरला हीच घट ०.२ व्होल्टवर येते) आणि बॅटरीजवळ फ्यूज असावा. मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवावा. आत येणारे व्होल्ट कमी-जास्त झाले तरी तो बॅटरीला हवे तेवढेच देतो. आणि गाडी उभी असताना २३० व्होल्टच्या चार्जरला जोडून ठेवावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आणि टिकाऊ असते, पण थेट जोडल्यास ती इतका प्रवाह ओढू शकते की अल्टरनेटर तापून बिघडतो. तिच्यासाठी हा चार्जर हवाच, आणि तोही लिथियमला चालणारा.

सुरक्षेचे दोन शब्द. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते, आणि रुग्णाच्या कप्प्यात तर ऑक्सिजन असतो. म्हणून अशी बॅटरी वेगळ्या, हवेशीर जागीच हवी. आम्ल डोळ्यांत उडाल्यास लगेच किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवा, मगच दवाखाना गाठा.

गाडीतच झोपण्याची सोय करून भटकंती करणाऱ्यांनाही हेच गणित लागू आहे. त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे : बॅटरी भरावी म्हणून इंजिन चालू ठेवून आत झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास; झोपलेल्याला ते जागेच करत नाही.

रुग्णाला दूरच्या रुग्णालयात हलवायचे असेल, तर निघण्यापूर्वी विचारा : व्हेंटिलेटरची स्वतःची बॅटरी भरलेली आहे का? इन्व्हर्टर यंत्रे जोडून तपासला आहे का? ऑक्सिजन वाटभर पुरेल ना? आणि हाताने दाबायची अंबू बॅग गाडीत आहे ना, ती वापरणारा माणूस सोबत आहे ना? सगळी वीज गेली तरी श्वास चालू ठेवणारे साधन तेच असते.