वरच्या खोलीतला भाडेकरू

आपल्या भागात सोयरीक जुळवायला पाहुणे आले की अर्ध्या तासात निकाल लागतो. पोरानं मोठ्यांच्या पाया हात लावला का, कपबशी कशी धरली, मान खाली होती की इकडंतिकडं बघत होता... एवढ्यावर 'पोरगं गुणाचं आहे' असं ठरतं आणि सुपारी फुटते. पुढची चाळीस वर्षं त्या अर्ध्या तासावर उभी!

या अर्ध्या तासाची आठवण मला एका कादंबरीनं करून दिली. ती आहे एका तरुणाच्या दुसऱ्या तरुणावरच्या प्रेमाची. मैत्रिणींनो, लगेच पान उलटू नका. विषय आपल्याच उंबऱ्यातला आहे.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' मौज प्रकाशनानं 2006 साली काढली. माझ्या हाती ती बरीच उशिरा आली, पण आली ती दोन दुपारींत वाचून संपली. पुण्यातलं जोशी कुटुंब. चारचौघांसारखं, आपल्या ओळखीचं. घरातली वरची खोली भाड्यानं द्यायची ठरते आणि चित्रं काढणारा एक तरुण तिथं राहायला येतो. कादंबरीभर त्याला नाव नाही. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. तनयची बहीण अनुजा, ती पण! एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. एक दिवस तो भाडेकरू अनुजाला घेऊन निघून जातो आणि काही काळानं तिलाही सोडून जातो. पुस्तकाचे भाग दोन. पहिल्यात तनय त्या माणसाला 'तू' म्हणत बोलतो, दुसऱ्यात अनुजाची डायरी.

माणूस एकच, पण दोघांनी पाहिलेला वेगवेगळा. तनयला वाटलं, हा कुणाला न विचारता जगतो, म्हणजे माझ्यासोबतही जगेल. अनुजा मुळात डोंगर चढणारी, घराच्या चौकटीत न मावणारी पोरगी. तिला त्याच्यात मोकळीक दिसली. दोघांनाही जी धिटाई वाटली, ती खरं तर कुठंच पिशवी रिकामी न करायची सवय होती. बांधून घ्यायची वेळ आली की हा उठलाच!

'असल्या पोरांचं टिकत नसतंय' असं आपल्याकडं सहज म्हणतात. पण बघा, या भाडेकरूनं मुलीलाही सोडलंच की! अनुजाशी लग्न करायला त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. म्हणजे शब्द द्यायची भीती ही त्या माणसाची होती, त्या प्रेमाच्या जातीची नव्हती. लेखकानं हे कुठं समजावून सांगितलेलं नाही, नुसतं घडवून दाखवलंय. मला पुस्तकात सगळ्यात मोलाचं तेच वाटलं.

फरक पडतो तो पुढं. अनुजा परत येते तेव्हा घर हादरतं, चिडतं, तिला बरं करायला धावतं. तिच्या वाट्याला बोलणी येतात, पण तिच्या दुःखाला निदान नाव तरी असतं. तनयचं काय? त्याचंही तेच माणूस गेलेलं. त्याच घरात, त्याच लोकांत त्याला वावरायचंय आणि डोळ्यांत पाणी आलं तर कारण सांगता यायचं नाही.

पुढं 2013 साली जेरी पिंटो यांनी हे पुस्तक इंग्रजीत नेलं आणि 2022 मध्ये कुंडलकरांनीच त्याचा नेटफ्लिक्सवर सिनेमा केला. त्यात गोष्ट पुण्याहून कोचीला जाते. देखणा आहे सिनेमा, पण पुण्यातल्या त्या घरातली घुसमट मला तिथं सापडली नाही.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' याच्या कितीतरी आधीचं, 1981 चं. रोहिणी हट्टंगडींनी त्यातली मित्रा केली होती. कॉलेजातला लाजाळू बापू सुमित्राला पाहतो, ती मोकळेपणी बोलते आणि याला वाटतं, जमलं आपलं! तिचं मन मात्र नमा नावाच्या मुलीवर. नमा धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. मला नमाचा राग येतो, पण तिची भीती कळते. काळ चाळीसच्या दशकातला. हो म्हणून ती जाणार कुठं होती?

हे सगळं पुण्या-मुंबईचं, युसूफ वडगावात बसून काय लिहिता, असं कुणी विचारेल. बचत गटाच्या कामामुळं बायका माझ्याशी मन मोकळं करतात. अशीच एक सून एकदा बैठक संपल्यावर मागं थांबली. म्हणाली, "ताई, नवरा लई चांगलाय. दारू नाही, हात उचलत नाही. पण दोन वर्षं झाली, जवळ म्हणून आला नाही." दोष अर्थातच हिच्यात शोधला गेला होता. देवऋषी झाला, अंगारे झाले, दवाखाना झाला. बघायच्या कार्यक्रमात त्यानं मान वर केली नव्हती, म्हणून सगळ्यांनी त्याला संस्कारी ठरवलेलं. त्या बापड्याला 'नाही' म्हणायला तेवढी एकच रीत माहीत होती!

शेवटी त्यानंच खरं सांगितलं. आईला नाही, बापाला नाही, बायकोला. गाव, आडनाव काही लिहीत नाही, दोघांना अजून जगायचंय. रीतसर फारकत झाली. आपल्याच सूनबाईत खोट होती, असं सासू अजून सांगत फिरते. तो शहरात कामाला गेला. हिच्याशी अधूनमधून फोनवर बोलतो, याचं मला आधी नवल वाटायचं. तिकडं त्याला कुणीतरी भेटलंय म्हणे. पण एकत्र राहायचं नाव निघालं की हा खोली बदलतो. घरमालक काय म्हणेल, गावाकडं कळलं तर?

सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाला मान्यता द्यायला मात्र 17 ऑक्टोबर 2023 ला नकार दिला. म्हणजे पोलिसांची भीती गेली, पण सोबत राहतो म्हणून दाखवायला कागद काही मिळाला नाही. नवरा-बायकोचं बिनसलं तर चार माणसं मध्ये पडतात, मामा येतात, समजूत घालतात. या दोघांत कोण पडणार? आपण ज्याला पळपुटेपणा म्हणतो त्यात याचा वाटा किती, हे बाहेरून कसं मोजायचं? अशा मुलांशी नीट बोलणारं कुणी असावं म्हणून बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढली. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरीही आयांनी वाचावी अशी आहे. पोराला स्थळं बघायच्या आधी वाचली तर जास्त बरं.

'कोबाल्ट ब्लू' मी त्या मुलीलाही वाचायला दिली होती. आता ती शिवणकाम करते, स्वतःच्या पायावर उभी आहे. आठ दिवसांनी पुस्तक परत आणून दिलं. तनयचा भाग दोनदा वाचला म्हणाली. अनुजाचा वाचलाच नव्हता.

"का गं?" मी विचारलं.

"ते मला माहितीये की, ताई," ती म्हणाली आणि मशीनवर बसायला निघून गेली.