दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचे संकलन कसे सिद्ध होते? : देवासच्या स्वरांच्या निमित्ताने

माळव्यातील धार आणि देवास ही पवारांची जुनी मराठी संस्थाने. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. संस्थाने विलीन झाली. संगीतरसिकांच्या मनात मात्र देवास कायम राहिले ते रजबअली खाँ आणि कुमार गंधर्व या दोन गायकांमुळे. या दोघांचे गाणे पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते ते ध्वनिमुद्रणांतून. ‘दुर्मीळ’ असा शिक्का मारून जुनी ध्वनिमुद्रणे एकत्र करणे सोपे असते. त्यांतून गायक उभा करणे हे वेगळेच काम आहे.

रजबअली खाँ (१८७४–१९५९) यांचे आज ऐकायला मिळणारे गाणे बहुतांशी उतारवयातले, आकाशवाणीसाठी गायलेले आहे. त्यावरून त्यांच्या ऐन भरातील तानेची कल्पना करावी लागते. संकलनात हे वय श्रोत्याला सांगितले नाही, तर थकलेला आवाज हीच त्यांची गायकी, असा समज होऊ शकतो.

कुमार गंधर्वांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेल्या या बालगायकाच्या ध्वनिमुद्रिका लहान वयातच निघाल्या. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले. मूळच्या गोमंतकीय असलेल्या अंजनीबाई मालपेकरांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. मग क्षयाने गाठले. १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला आले आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे थांबले. या काळात ते ऐकत होते : माळवी स्त्रियांची सणावाराची, लग्नकार्याची गीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. त्या धुनांतूनच पुढे मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग जन्मले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी आल्या.

म्हणजे त्यांच्या गाण्याला वळण देणारी पाच वर्षे नेमकी मौनाची आहेत. बालपणीची ध्वनिमुद्रिका आणि आजारानंतरची मैफल एकापाठोपाठ एक लावली, तर गायक मध्येच का बदलला, हे कळणार नाही. मूळ धून आणि तिच्यातून उगवलेला राग शेजारी ठेवले, तर ते कोड्याविना उलगडते. संकलकाची खरी परीक्षा या क्रमवारीत आहे. दुर्मीळतेचा मोह येथे आवरावा लागतो.

त्यानंतर येते तंत्र. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ख्याल त्यात कसाबसा कोंबला जाई. शिवाय आरंभीच्या काळात यंत्राची गती नेहमी ७८च असे असे नाही. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजवली, की स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, लय वाढते आणि गायकाचा आवाज उगाच पातळ होतो. यंत्रावरील आकड्यापेक्षा जाणकार कानाचा भरवसा धरावा, तो यासाठी.

हीच धडपड जगाच्या दुसऱ्या टोकालाही झाली. जमैकात १९७०च्या दशकात रेगे संगीताच्या अनेक तबकड्या थोड्या संख्येने निघाल्या. किंग टबीसारखे ध्वनितंत्रज्ञ मुद्रित गाण्यातील आवाज काढून घेत, ढोल आणि बेस पुढे आणत, वर प्रतिध्वनी चढवत, हाच ‘डब’. त्यासाठी कापलेल्या मऊ तबकड्या काही वेळा वाजवल्या की झिजत. मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’ या कंपनीने १९९३पासून अशी ध्वनिमुद्रणे पुन्हा प्रसिद्ध केली. त्यांच्या सोबत सविस्तर टिपा आणि छायाचित्रे असत. कलावंतांना मोबदला मिळावा, हा आग्रहही असे. ध्वनीइतकेच महत्त्व माहितीला दिल्यामुळे त्या संकलनांना संदर्भमूल्य आले. आपल्याकडील अनेक संकलनांत तबलजीचे नावही नसते, हे खेदाने नोंदवावे लागते.

हक्कांचा प्रश्न टाळता येत नाही. भारतीय कायद्यानुसार प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ६० वर्षे आणि कलावंताचा सादरीकरणावरील हक्क ५० वर्षे टिकतो. रचनेचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. कुमार गंधर्वांचे निधन १२ जानेवारी १९९२चे. त्यामुळे त्यांच्या स्वरचित बंदिशींवरील हक्क २०५२च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. घरी मैफलीची फीत आहे, म्हणून ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

तरीही ती फीत जपली पाहिजे, कारण तीन मिनिटांत न मावलेले गाणे तिच्यातच आहे. केसरबाई केरकरांसारख्या थोर गायिकेचेही मोजकेच गाणे ध्वनिमुद्रिकांवर आले, हे गोमंतकीय रसिकांना सांगायला नको. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फितीवर बुरशी चढते. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला, तर फितीचा पायाच विघटित होऊ लागला आहे, असे समजावे. अशी फीत अडगळीतल्या यंत्रावर लावून पाहू नये. एका फेरीत ती तुटू शकते. आधी डब्यावरच्या सगळ्या मजकुराचे छायाचित्र घ्यावे. गायक, साथीदार, गाव, तारीख आणि फितीची गती सेकंदाला साडेसात इंच की पावणेचार, हे ठाऊक असेल तेवढे लिहून ठेवावे. मग ती जाणकाराच्या हाती द्यावी. मैफलीला प्रत्यक्ष बसलेले कोणी हयात असेल, तर त्यांना आधी विचारावे. फितीवर नसलेली माहिती त्यांच्याकडेच असते.